लिहिण्यासाठी कोणता फोन घ्यावा: नोकिया ई७१ की ५८००?

नोकियाने २००८ या एकाच वर्षी अगदी वेगळ्या घडणीचे दोन फोन जाहीर केले: पूर्ण कीबोर्ड असलेला ई७१ आणि टचस्क्रीनचा ५८०० एक्सप्रेसम्युझिक. दोन्हींत सिम्बियन ही एकच कार्यप्रणाली, म्हणजे फोन चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, असल्यामुळे लिहिण्याच्या सोयीपुरती त्यांची तुलना न्याय्य ठरते. जुन्या फोनांच्या बाजारातून घेतलेले हे दोन्ही फोन मी बोरिवली ते चर्चगेटच्या प्रवासात वापरतो, आणि मजकूर लिहायचा असेल तर मी निःशंकपणे ई७१ निवडेन.

ई७१ ची बटणे लहान असली तरी मध्यभागी फुगीर आहेत, त्यामुळे एक बटण कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे अंगठ्याला न पाहताही समजते. गर्दीच्या लोकलमध्ये एक हात वरच्या कडीत अडकलेला असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने अख्खे वाक्य लिहून होते आणि कोणते स्टेशन आले याकडे लक्षही राहते. ५८०० वर पूर्ण कीबोर्ड हवा असेल तर फोन आडवा धरावा लागतो. दोन्ही हात गुंततात, आणि ३.२ इंचांचा पडदा बहुतेक कीबोर्डनेच व्यापल्यामुळे ज्या निरोपाला उत्तर द्यायचे तोच झाकला जातो.

५८०० चा पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणारा आहे. वरचा लवचिक थर दबून खालच्या थराला टेकला की स्पर्शाची जागा ठरते. मात्र अशी जागा एका वेळी एकच ओळखली जाते, त्यामुळे भरभर लिहिताना पहिला अंगठा उचलण्याआधी दुसरा टेकला तर अक्षर चुकते. पण याच रचनेचा पावसाळ्यातला गुण मला मनापासून आवडतो. आयफोनचा कपॅसिटिव्ह पडदा बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल टिपतो, म्हणून त्यावर पाणी पडले की तो गोंधळतो. ५८०० वर मात्र ओले बोट, नख किंवा फोनसोबतचा स्टायलस (पडद्यावर टेकवायची काडी), काहीही चालते.

पडद्यावरची बटणे भाषेनुसार बदलता येतात, ही देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी टचस्क्रीनची मोठी जमेची बाजू आहे, हेही नोंदवले पाहिजे.

जुना ई७१ घेणार असाल तर दुकानातच एक लांबलचक निरोप लिहून प्रत्येक बटण तपासा, विशेषतः स्पेस आणि बॅकस्पेस, कारण सर्वाधिक झीज त्यांचीच झालेली असते.