संथ श्वास, वेगवान श्वास की देहाची वाट? ताण आणि आघातासाठी पद्धत निवडताना

ताणावर किंवा जुन्या मानसिक आघातावर शरीराच्या मार्गाने काही करावे असे ठरवणाऱ्या माणसासमोर आज साधारणपणे चार पर्याय येतात: घरी किंवा वर्गात करायचे संथ श्वसन, शिबिरांतून शिकवले जाणारे वेगवान श्वसन, आघातग्रस्तांसाठी मुद्दाम घडवलेल्या योग आणि देहाधारित उपचारपद्धती, आणि दहा दिवसांचे निवासी विपश्यना शिबिर. चारही ठिकाणी ‘श्वास’ आणि ‘शांती’ हेच शब्द कानावर पडत असल्यामुळे ती एकाच औषधाची लहानमोठी मात्रा वाटते. प्रत्यक्षात या पद्धती शरीराला वेगवेगळ्या, क्वचित अगदी उलट दिशांना नेतात. म्हणून सर्वांत परिणामकारक कोणती, यापेक्षा मध्येच थांबावेसे वाटले तर मला किती सहज थांबता येईल, हा प्रश्न आधी विचारावा असे माझे मत आहे. कामाचा किंवा परीक्षेचा ताण असलेल्याला तो फारसा महत्त्वाचा वाटणार नाही. पण अपघात, हिंसा किंवा अत्याचार सोसलेल्या माणसाचे त्या प्रसंगी स्वतःच्या शरीरावर काहीच चाललेले नसते, आणि उपचाराच्या नावाखाली पुन्हा तेच घडले तर धसका कमी होण्याऐवजी वाढतो.

संथ श्वसन या कसोटीला सर्वांत चांगले उतरते. प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. सेकंदाला एक या गतीने चार आकडे मोजत श्वास घेऊन सहा आकडे मोजत सोडला, तर ही संख्या सहावर येते. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आणि उच्छ्वास लांबवण्याच्या प्रत्येक युक्तीमागे, मग ती भ्रामरीतील गुंजन असो की ओंकार, हेच कारण असते. येथे एक नेहमीची चूक मात्र टाळली पाहिजे. घाबरलेल्या माणसाला आपण ‘मोठा श्वास घे’ असे सांगतो, आणि तो छाती भरभरून, भराभर श्वास घेऊ लागतो, ज्याने घाबरणे वाढते. सांगायला हवे ते ‘सावकाश सोड’ असे. स्टॅनफर्डच्या 2023 मधील एका अभ्यासात महिनाभर रोज केवळ 5 मिनिटे उच्छ्वासावर भर देणाऱ्यांची मनःस्थिती, तितकाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेली दिसली. मात्र त्यातील माणसे आघातग्रस्त रुग्ण नव्हती, हे विसरू नये. संथ श्वसनाला खर्च नाही, बसमध्ये बसूनही ते करता येते आणि कोणत्याही क्षणी सोडता येते. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: ते खवळलेले शरीर शांत करते, पण ते कशाने खवळते याला हात घालत नाही.

वेगवान श्वसनाचे कूळच वेगळे आहे. भस्त्रिका, सुदर्शन क्रियेतील जलद आवर्तने आणि स्टॅनिस्लाव्ह ग्रॉफ यांनी 1970 च्या दशकात घडवलेले होलोट्रॉपिक श्वसन यांची तीव्रता सारखी नाही, पण जोराने आणि भराभर श्वास घेतल्यावर रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ओठ आणि बोटे मुंग्या आल्यासारखी होतात, कधी पंजे आखडतात. याला कोणी ‘ऊर्जा जागी झाली’ म्हटले, तर ते शरीरशास्त्र नव्हे. (कपालभातीही याच रांगेत बसवली जाते, पण हठयोगाच्या परंपरेत ती प्राणायाम नसून शुद्धिक्रिया आहे.) तरीही हा मार्ग निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या छावण्यांमधील 183 जणांच्या अभ्यासात उज्जायी (घशातून हलका आवाज करत घेतलेला संथ श्वास), भस्त्रिका आणि ओंकार असलेला चार दिवसांचा कार्यक्रम झालेल्यांची आघातोत्तर लक्षणे, केवळ प्रतीक्षायादीत असलेल्यांच्या, म्हणजे अजून कोणताच कार्यक्रम न मिळालेल्यांच्या तुलनेत ठळकपणे कमी झाली. पण तेथे संथ आणि वेगवान दोन्ही प्रकार एकत्र होते, त्यामुळे श्रेय एकट्या भस्त्रिकेला देता येत नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, गर्भारपण किंवा पूर्वी कधी उन्मादाचा झटका आलेला असल्यास हा मार्ग टाळावा. वारंवार भीतीचे झटके येणाऱ्यालाही धडधड आणि घुसमट हुबेहूब झटक्यासारखीच जाणवते. हठयोगप्रदीपिकेत सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश करावेत तसाच वायू वश करावा, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असे बजावले आहे. शनिवार-रविवारच्या शिबिरांच्या जाहिरातींत हा श्लोक सहसा दिसत नाही.

तिसऱ्या प्रकारात वेग जाणूनबुजून कमी ठेवलेला असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये विकसित झालेल्या आघातसंवेदी योगात शिक्षक न विचारता स्पर्श करत नाही, डोळे उघडे ठेवण्याची मुभा असते, आणि सूचना आज्ञार्थी न देता ‘हवे असल्यास’ अशा शब्दांत दिल्या जातात. आघाताचे अभ्यासक असलेले मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हान डर कोल्क आणि सहकाऱ्यांच्या 2014 मधील अभ्यासात, इतर उपचारांना दाद न देणारा आघातोत्तर विकार असलेल्या 64 स्त्रियांपैकी योगगटातील 52 टक्के स्त्रिया दहा आठवड्यांनंतर त्या निदानाच्या कक्षेबाहेर आल्या. तुलनागटात हे प्रमाण 21 टक्के होते. आपल्याकडच्या वर्गांत ‘डोळे मिटा, हलू नका’ ही शिस्त मानली जाते, आणि शवासनात पडलेल्या माणसाचे खांदे शिक्षक न विचारता सरळ करतो. ज्याच्यावर अत्याचार झाला आहे त्याला हेच असह्य होऊ शकते. म्हणून उत्तम आसने शिकवणारा शिक्षक आघातग्रस्तांसाठीही योग्य असेलच असे नाही. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगमध्ये प्रसंग सविस्तर सांगण्याऐवजी त्यातून उठणाऱ्या संवेदना थोड्या थोड्या जागवून पुन्हा सुरक्षित जाणिवेकडे परतले जाते. इस्राएलमधील 63 जणांवरील 2017 च्या चाचणीत त्याचा लाभ दिसला, पण तुलना प्रतीक्षायादीशी होती. शिवाय प्रशिक्षित उपचारक मुख्यतः मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइनच भेटतात, आणि सत्रांचा खर्च बहुतेकांना पेलवणारा नसतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांत विपश्यनेचे शुल्क नाही, हे तिचे मोठे आकर्षण आहे. पण दहा दिवसांचे मौन, रोज सुमारे दहा तासांची ध्यानाची बैठक आणि मध्येच न निघण्याची अट पाहता, ताज्या आघातानंतरचा पहिला उपाय म्हणून ती मला अयोग्य वाटते. अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते, तेथे लपवाछपवी करू नये.

केवळ दैनंदिन ताण असेल, तर तीन आठवडे रोज दहा मिनिटे संथ श्वसन करून झोप आणि चिडचिड यांत फरक पडतो का ते पाहावे. बाकी काही शोधण्याची गरज बहुधा भासणार नाही. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, दचकून जाग येत असेल किंवा ठराविक रस्ता, वास, माणूस टाळावा लागत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत शिफारस असलेली आघातकेंद्री वर्तनोपचार किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर केला जाणारा मानसोपचार) ही मुख्य वाट धरावी, आणि श्वसन किंवा योग तिच्या जोडीला ठेवावा. मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते. कोणत्याही वर्गात नाव घालण्याआधी शिक्षकाला एवढे मात्र विचारावे: मध्येच उठून बाहेर गेलो तर चालेल का? ‘एकदा बसलात की पूर्ण करावेच लागते’ असे उत्तर मिळाल्यास पैसे भरू नयेत.