फोनवर मराठी लिहायचं: रोमनमधून की थेट देवनागरीत?

फोनमध्ये मराठी कीबोर्ड घालायला गेलं की बहुतेक ठिकाणी दोन पर्याय समोर येतात. एकात नेहमीची इंग्रजी अक्षरं असतात; उच्चाराप्रमाणे टाइप करायचं आणि फोन त्याचं देवनागरी करतो. दुसऱ्यात अक्षरंच देवनागरी असतात. बरेच जण पहिला निवडतात, कारण इंग्रजी अक्षरांवर बोटं आधीच बसलेली असतात. मी दोन्ही भरपूर वापरले आहेत आणि आता थेट देवनागरीवर लिहितो. तरी हा निर्णय प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही. कोण किती लिहितं आणि काय लिहितं, यावर बरंच अवलंबून आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. रोमनमधून लिहिलं की कमी बटणं दाबावी लागतात, असं अनेकांना वाटतं. मोजून पाहा. ‘मला’ला देवनागरीत तीन वेळा बोट टेकवावं लागतं, रोमनमध्ये चार वेळा. ‘पुस्तक’ दोन्हीकडे सहा. ‘तुम्ही’ देवनागरीत सहा, रोमनमध्ये पाच. ‘काळजी’ला देवनागरीत शिफ्ट धरून सहा, रोमनमध्ये पाच. ‘स्वातंत्र्य’ अनुक्रमे अकरा आणि दहा. एखाद्या बटणाचा फरक इकडेतिकडे, त्यामुळे निर्णय यावर होत नाही.

तो होतो डोळ्यांवर. रोमनमध्ये टी, ए, एल एवढं लिहिलं की फोनने काय समजायचं? ताल, तळ, ताळ, टाळ यांपैकी काहीही असू शकतं. व्ही, ई, एल म्हणजे वेल की वेळ? के, ए, एल म्हणजे कल, काल, कळ की काळ? रोमनमध्ये आपण सहज लिहितो तेव्हा त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ, अ आणि आ हे सगळे फरक पुसले जातात. कॅपिटल अक्षरांनी आणि दुहेरी स्वरांनी ते दाखवता येतात, पण तसं लिहू लागलं की रोमनची सोयच संपते. मग फोन वरच्या पट्टीत चार-पाच शब्द मांडतो आणि त्यातला एक आपण निवडायचा. म्हणजे प्रत्येक शब्दाला नजर बटणांवरून पट्टीवर, पट्टीवरून मजकुरावर आणि पुन्हा बटणांवर. वाक्य मनात तयार असतं, पण प्रत्येक पावलावर कुणीतरी ‘हे की ते?’ विचारत राहतं.

आणि न निवडता स्पेस दाबली तर? पहिला पर्याय आपोआप बसतो. इथे जी अडचण येते, तिनेच माझ्यासाठी पारडं झुकलं. बसलेला शब्द चुकीचा असतो, पण अशुद्ध नसतो. ‘वेळ नाही’च्या जागी ‘वेल नाही’ होतं, पण त्याखाली लाल रेघ येत नाही, कारण वेल हाही मराठी शब्दच आहे. देवनागरीत बोट चुकलं तर बहुधा ‘वेऴ’ किंवा ‘वेश’सारखं काहीतरी उमटतं आणि ते वाचताना चटकन खुपतं. रोमनमधली चूक मात्र बरोबर शब्दाचा वेश घेऊन बसते. दोन ओळींच्या निरोपात चालून जातं. पण अर्ज, सभेचा वृत्तान्त किंवा लेख लिहायचा असेल, तर सगळा मजकूर पुन्हा शब्दागणिक वाचावा लागतो, आणि आपलंच लिखाण वाचताना डोळा नेमक्या अशाच चुकांवरून पुढे सरकतो.

ऱ्य आणि र्य यांचं दुखणं याहून जुनं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ रोमनमध्ये अगदी सारखेच लिहिले जातात. पहिला शब्द आचार्य यावरून, दुसरा आचारी यावरून. दर्या आणि दऱ्या यांचंही तेच. देवनागरी कीबोर्डवर हा फरक लिहिणाऱ्याच्या बोटात राहतो. साध्या र ला हलन्त (पाय मोडायची ् ही खूण) देऊन य लिहिला की र्य होतं. खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देऊन य लिहिला की ऱ्य होतं. फोनला अंदाज बांधायची गरजच पडत नाही.

मराठीच्या रचनेमुळे हा त्रास आणखी वाढतो. आपण विभक्ती, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय, शिवाय ‘च’ आणि ‘ही’ असं सगळं शब्दाला चिकटवतो. ‘शेजार’ फोनच्या शब्दसंग्रहात असतो, ‘शेजारच्यांकडूनसुद्धा’ असेलच असं नाही. शब्द लांबला की रोमनवाल्या कीबोर्डचा अंदाज ढासळतो, आणि नेमके तेच शब्द पुन्हा टाइप करायला नको वाटतात. आडनावं, गावांची नावं, बोलीतले शब्द यांच्या बाबतीतही हेच.

तरीही रोमनच्या बाजूने बोलायलाच हवं. ज्याला दिवसाकाठी दहा-बारा छोटे निरोप पाठवायचे आहेत, त्याने नवी मांडणी शिकण्यात वेळ घालवायची गरज नाही. वाक्यात इंग्रजी शब्द सारखे येत असतील, तर कीबोर्ड न बदलता काम होतं. आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: ऱ्हस्व-दीर्घाबद्दल खात्री नसलेल्या माणसाला पट्टी आधार देते. ‘आशीर्वाद’मधला शी पहिला की दुसरा, हे आठवत नसेल तर समोर आलेला शब्द बहुधा बरोबर असतो. देवनागरीवर हा निर्णय आपला आपण घ्यायचा असतो.

थेट देवनागरी म्हटल्यावरही मांडण्या वेगवेगळ्या आहेत. मी ज्याबद्दल बोलतोय ती इन्स्क्रिप्ट. ही १९८६ साली तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ मध्ये प्रमाण म्हणून आली. ती ओळखायची खूण सोपी आहे. सगळ्यात वरच्या ओळीत डावीकडून ौ ै ा ी ू ब ह ग द ज ड आणि मधल्या ओळीत ो े ् ि ु प र क त च ट दिसलं, की ती इन्स्क्रिप्ट. निवडलेल्या कीबोर्डात अशी ओळ नसेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये मराठीखाली दुसरी मांडणी मिळते का ते पाहा. नसेल तर ती देणारा दुसरा कीबोर्ड उतरवून घ्या.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही मांडणी विस्कटलेली वाटते, पण तिच्यात शिस्त आहे. मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. शिफ्ट दाबलं की अल्पप्राणाच्या जागी त्याचा महाप्राण येतो: क वर ख, ग वर घ, त वर थ, प वर फ, ब वर भ. मात्रेच्या जागी तिचा स्वर येतो: ा वर आ, ि वर इ. ल वर ळ, म वर ण, स वर श, र वर ऱ. हलन्ताच्या बटणावर शिफ्टने अ येतो, आणि हेच एक सुरुवातीला सापडत नाही. म्हणजे पाठ करायची ती अर्धीच बटणं, बाकीची अर्धी त्यांच्या मागे असतात. ही मांडणी मुळात दहा बोटांच्या कीबोर्डासाठी केलेली, पण दोन अंगठ्यांना ती सुरेख बसते. ‘बाजारात’ लिहून पाहा: ब उजवा, ा डावा, ज उजवा, ा डावा, र उजवा, ा डावा, त उजवा. एक अंगठा बटणावर असतो तेवढ्यात दुसरा पुढच्या जागी पोहोचलेला असतो. काचेवर बटणाचा उंचवटा हाताला लागत नाही, त्यामुळे अशी लय असणं फार मोलाचं आहे.

शिवाय हीच मांडणी संगणकावर चालते. विंडोजमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट मिळते. फोनवर शिकलेलं तिथे वाया जात नाही. गुजराती, कन्नड, बंगालीच्या इन्स्क्रिप्टमध्येही क त्याच जागी असतो.

आता तिच्या अडचणी. इंग्रजीत एका ओळीत दहा बटणं असतात, इथे अकरा. प्रत्येक बटण थोडं अरुंद होतं आणि सुरुवातीला शेजारचं अक्षर उमटतं. सगळ्यात जास्त फटका हलन्ताला बसतो, कारण तो े आणि ि यांच्या मधोमध आहे. ‘पुस्तक’चं ‘पुसेतक’ किंवा ‘पुसितक’ झालं तर समजायचं, अंगठा अर्धं बटण सरकला. यावर दोन उपाय आहेत. एक, कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये उंची वाढवण्याची सोय असेल तर एक पायरी वाढवा. रुंदी तेवढीच राहिली तरी वरच्या-खालच्या ओळीतल्या चुका कमी होतात. दुसरा, बोट लगेच उचलू नका. बहुतेक टच कीबोर्डवर अक्षर बोट टेकवल्यावर नव्हे, उचलल्यावर उमटतं. दाबलेलं अक्षर वर मोठं दिसतं; ते चुकीचं असेल तर बोट तसंच घसरवून बरोबर बटणावर न्या आणि मग उचला. घाईत हे सुचत नाही, पण सवय झाली की खोडाखोड निम्म्यावर येते, निदान माझा तरी तसा अनुभव आहे.

जोडाक्षरात क्रम उच्चाराचा असतो, दिसण्याचा नव्हे. ‘सूर्य’ म्हणजे स, ू, र, हलन्त, य. ‘प्रकाश’मधला प्र म्हणजे प, हलन्त, र. ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी, पण टाइप नंतर करायची: ‘दिवस’ म्हणजे द, ि, व, स. टंकयंत्राच्या मांडणीची सवय असलेले इथे हमखास अडखळतात, कारण तिथे वेलांटी आधी मारतात. क्ष आणि ज्ञ यांची स्वतंत्र बटणं फोनवर सापडली नाहीत तर क, हलन्त, ष आणि ज, हलन्त, ञ. ‘ॲप’मधला ॲ मात्र अ ला ॅ लावून बनवू नका. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीत, २००८ सालच्या ५.१ आवृत्तीपासून स्वतंत्र आहे. जोडून केलेलं तसंच दिसतं, पण आतून वेगळं असल्यामुळे शोधताना बऱ्याचदा सापडत नाही.

खोडतानाही एक गोष्ट माहीत हवी. ‘स्त्री’ दिसायला एक अक्षर, पण आत सहा तुकडे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, ी. कर्सर सहसा अख्ख्या अक्षरावरून उडी मारतो, पण बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी एकेक तुकडा खोडते. म्हणून पहिला स चुकला असेल तर मध्ये शिरता येत नाही. मागून सहाही तुकडे खोडावे लागतात. उलट शेवटची मात्राच चुकली असेल तर एकदाच बॅकस्पेस दाबून ती बदलता येते, अख्खं अक्षर पुन्हा लिहावं लागत नाही.

मांडणी पाठ करायचीच नसेल त्याने आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेला स्वरचक्र हा कीबोर्ड पाहावा. त्यात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने असतात. अक्षरावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उमलतं आणि बोट त्या दिशेला सरकवायचं. ज्यांना बाराखडी येते पण इंग्रजी अक्षरं अवघड जातात, त्यांना हे फार लवकर जमतं. जास्त लिहिणाऱ्याला मात्र प्रत्येक अक्षरासाठी सरकवणं जड जाईल असं वाटतं. बोलून लिहिण्याची सोय शांत खोलीत उपयोगी पडते, पण विरामचिन्हं आणि नावं हातानेच दुरुस्त करावी लागतात.

इन्स्क्रिप्टकडे यायचं ठरलं तर पहिला आठवडा शिफ्टशिवायच्या शब्दांवर घालवा: काम, नाव, गाव, दिवस, बाजार, मुलगी, कविता. मग हलन्त आणा: पुस्तक, समुद्र, तुम्ही. शिफ्ट शेवटी: आहे, काळजी, घर, पण. रोज पंधरा-वीस मिनिटं लिहिलं तर दोन-तीन आठवड्यांत अंगठे जागा शोधायचं थांबवतात. पहिले चार-पाच दिवस वेग इतका पडतो की परत फिरावंसं वाटतं. त्या दिवसांत घाईचे निरोप खुशाल रोमनमधून पाठवा आणि सराव सावकाशीच्या लिखाणावर करा. आपोआप शब्द बदलण्याची सोय बंद ठेवा, सुचवण्याची चालू ठेवा. ती पट्टी इथेही असते, पण इथे तिच्याकडे न पाहिलं तरी बिघडत नाही, आणि लांब शब्द अर्ध्यात ओळखला गेला तर बोटं वाचतात.

कीबोर्ड घालताना भाषा मराठीच निवडा, हिंदी नको. लिपी एकच असली तरी सुचवले जाणारे शब्द हिंदी येतात, काही मांडण्यांत ळ आणि ऱ दूर गेलेले असतात आणि पूर्णविरामाच्या जागी दंड, म्हणजे । ही उभी रेघ, बसतो. अँड्रॉइडवर हे भाषा व कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मिळतं, आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड या वाटेने. आणि यादीत मराठी आणि इंग्रजी असे दोनच कीबोर्ड ठेवा. दोन असले की पृथ्वीगोलाचं बटण एकदा दाबल्यावर नेहमी दुसराच येतो आणि तो कोणता हे पाहावं लागत नाही. तिसरा राहिला की प्रत्येक वेळी थांबून बघावं लागतं. रोमनवाला काढायला मन होत नसेल तर इंग्रजी कीबोर्डाच्या जागी तोच ठेवून पाहा. त्याच्या पट्टीत इंग्रजी शब्दही तसाच निवडता येत असेल, तर वेगळ्या इंग्रजीची गरज फारशी उरत नाही.