जुनी शेड: हॉटेलं की वस्तीची जागा?

पुणे स्टेशनजवळची राजा बहादूर मिल १८९३ची. मागांचा खडखडाट कधीच थांबला. आता तिथे हॉटेलं आणि पब आहेत. या वाटेचा फायदा उघड आहे: भाडं येतं, म्हणून छपराची गळती वेळेवर निघते. पण बिल भरणाऱ्यालाच आत जागा.

दुसरी वाट वस्तीच्या वापराची: अभ्यासिका, शिवणवर्ग, सायकल दुरुस्ती. कारखान्याची शेड त्याला फार सोयीची. मधे खांब कमी, दारातून टेम्पो थेट आत. छप्पर करवतीच्या दातांसारखं असेल तर काचा उत्तरेला. ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. शिवणाऱ्या बाईला आणखी काय हवं! आणि पूर आला तर? १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, २०१९च्या सप्टेंबरात पुण्यातला आंबिल ओढा घरांत शिरला. अशा रात्री उंच जोत्याची शेड अंथरुणं टाकायला कामी येते. या वाटेने भाडं येत नाही, तिजोरीत मात्र खडखडाट. जुने पत्रे फुप्फुसांना घातक अशा ॲस्बेस्टॉसचे निघाले तर ते उतरवायचा खर्चच धडकी भरवतो.

माझं मत? रस्त्याकडचे गाळे भाड्याने द्यावेत, मागची शेड वस्तीला. फक्त किल्ली वस्तीतल्याच कुणाकडे असावी. रात्री दोनला पाणी चढलं तर वॉचमनला शोधत कोण फिरणार?