छातीवरचा पाहुणा, खांद्यावरचा पाहुणा: युरोपचा फुटबॉल शर्ट आणि अमेरिकेची जर्सी

राकुतेन ही जपानी कंपनी २०१७-१८ च्या हंगामात एकदमच दोन जर्सींवर चढली. बार्सिलोनाच्या शर्टावर छातीभर, वर्षाला साडेपाच कोटी युरो मोजून. आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या बास्केटबॉल जर्सीवर डाव्या खांद्याशी, त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे वर्षाला दोन कोटी डॉलर देऊन. दोन्ही जर्सी नायकीच्याच. प्रायोजक एक, बनवणारा एक, साल एक. उरतो तो फरक युरोपचा क्लब आणि अमेरिकेचा संघ यांच्या रिवाजाचा. जर्सी विकत घेणाऱ्याला हा रिवाज शिलाईपासून धुण्यापर्यंत कसा भोगावा लागतो, ते पाहण्यासाठी याहून चांगली जोडी मिळणं कठीण.

आधी माप. एनबीएने, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने, पॅचला (प्रायोजकाच्या जाहिरातीच्या तुकड्याला) जागा दिली अडीच बाय अडीच इंच, म्हणजे सुमारे ४० चौरस सेंटिमीटर. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, स्पर्धांमध्ये छातीवरच्या जाहिरातीची मर्यादा २०० चौरस सेंटिमीटर आहे, इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये २५०, आणि तिथे २०१७ पासून बाहीवर आणखी एक जाहिरात. फुटबॉलचा पाहुणा पाच-सहापट जागा अडवतो आणि तीही थेट दिवाणखान्यात. अमेरिकेतला ओटीवर बसतो.

खरेदीच्या दृष्टीने यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. पॅच सुरू करतानाच एनबीएने ठरवलं की सर्वसाधारण दुकानांतल्या जर्सीवर तो नसेल. संघाला हवं तर त्याने स्वतःच्या दुकानात पॅचवाली जर्सी विकावी. म्हणजे बाहेर घेतलेली वॉरियर्सची स्विंगमन (प्रेक्षकांसाठीची जर्सी) प्रायोजकाविना येते आणि तरीही ती अस्सल असते. फुटबॉलमध्ये उलट. शर्टावर प्रायोजक नसेल तर दुकानदाराला लोक विचारतात, ‘हा खरा आहे ना?’ सूट मिळते ती लहान मुलांच्या मापांना. दारू आणि सट्ट्याच्या कंपन्यांची नावं ब्रिटनमध्ये मुलांच्या शर्टांवर छापत नाहीत, त्यामुळे बाप आणि मुलगा एकाच क्लबचा शर्ट घालूनही वेगळे दिसतात. मोठ्यांच्या शर्टांवरही हे बदलतंय: प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये ठरवल्याप्रमाणे छातीवर सट्टा कंपनी असण्याचा शेवटचा हंगाम २०२५-२६. अशा क्लबचा शर्ट घ्यायचा असेल तर छातीवर काय छापलंय ते बघून हंगाम निवडा.

आता वस्तू. दोन्हीकडे दोन प्रती असतात: प्रेक्षकांसाठीची आणि खेळाडूंसारखी. प्रीमियर लीगमधल्या मोठ्या क्लबचा प्रेक्षक-शर्ट साधारण ८० पौंडांना, खेळाडूंसारखा साधारण १२० ला. एनबीएची स्विंगमन १२० डॉलरच्या आसपास, ऑथेंटिक (खेळाडूंसारखी) त्याच्या बरीच वर. फुटबॉलमध्ये महाग प्रत म्हणजे टिकाऊ प्रत, ही समजूत चुकीची आहे. खेळाडूचा शर्ट हलका हवा म्हणून त्यावर क्लबचं मानचिन्हसुद्धा उष्णतेने चिकटवलेलं, पातळ रबरासारखं असतं. स्वस्त प्रतीवर तेच भरतकामाचं किंवा विणलेलं असतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. खेळाडूंच्या शर्टाची बेतणी अंगाला चिकटणारी, तेव्हा पोट असलेल्याने एक माप वरचं घ्यावं. बास्केटबॉलमध्ये मात्र जास्त पैशात जास्त टिकाऊपणा मिळतो: स्विंगमनवर कापडी अक्षरं उष्णतेने चिकटवलेली, ऑथेंटिकवर शिवलेली. नायकीच्या स्विंगमनवर माप आकड्यातही दिलेलं असतं: ४४ म्हणजे एम, ४८ म्हणजे एल, ५२ म्हणजे एक्सएल. बेतणी सैल असते, आत टी-शर्ट घालायचा असला तरी माप वाढवू नका.

फुटबॉल शर्टात आधी मरतो तो प्रायोजक. कारण साधं आहे. पॉलिएस्टरचं विणलेलं कापड ताणलं जातं, त्यावरचा प्लास्टिकचा थर तेवढा ताणत नाही. दोनशे चौरस सेंटिमीटरचा सलग थर छातीवर, म्हणजे सर्वाधिक ताणाच्या जागी. आधी अक्षरांचे कोपरे उचलतात, मग मधे भेगा पडतात, आणि आडव्या शिवणीवरून छपाई गेली असेल तर तिथे सगळ्यात लवकर. दुसरं दुखणं रंगाचं: लाल किंवा गडद पॉलिएस्टरवरची पांढरी छपाई उष्णतेने गुलाबी पडते, कारण कापडातला रंग गरम झाला की वर चढतो. ड्रायरमध्ये किंवा कडक इस्त्रीखाली हे पहिल्याच वेळी होऊ शकतं. अमेरिकी जर्सीत हा धोका उरतो तो आकड्यांपुरता. चाळीस चौरस सेंटिमीटरचा तुकडा खांद्याशी असल्याने फारसा ताणला जात नाही.

तेव्हा युरोपने परंपरा विकली आणि अमेरिकेने राखली, असं म्हणायचं का? दुकानातल्या मांडणीवरून तसं वाटतं खरं. पण हिशेब उलटा निघतो.

युरोपच्या शर्टावर परकी कंपनी आली ती काही काल-परवा नव्हे. जर्मनीत १९७३ मध्ये आयंट्राख्ट ब्राउनश्वाइगने येगरमाइस्टर या मद्याच्या नावाने मैदानात उतरायचं ठरवलं. महासंघाने अडवलं तेव्हा त्यांनी क्लबचा सिंहच काढून त्या जागी बाटलीवरचा सांबर बसवला. इंग्लंडमध्ये १९७६ ला केटरिंग टाउन या छोट्या क्लबने छातीवर टायरच्या दुकानाचं नाव घातलं आणि फुटबॉल असोसिएशनने ते उतरवायला लावलं. तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, लिव्हरपूलच्या छातीवर जपानची हिताची होती. मँचेस्टर युनायटेडने १९८२ पासून २००० पर्यंत शार्प मिरवलं, आर्सेनलने १९८१ पासून १९९९ पर्यंत जेव्हीसी. ही दोन्ही नावं आता जुन्या शर्टांच्या बाजारात नॉस्टॅल्जियाची आहेत. ज्याने कधी जेव्हीसीचा व्हीसीआर पाहिला नाही तोही त्या शर्टाला जादा पैसे मोजतो. पाहुणा वीस वर्षं राहिला की घरचाच होतो. युनायटेडच्या शर्टावर नंतर आलेल्या शेवरोले या मोटारकंपनीचं तसं झालं नाही. २०१४ पासून सात वर्षांसाठी ५५.९ कोटी डॉलर मोजूनही तो सोनेरी क्रॉस लाल शर्टावर परकाच दिसला.

बार्सिलोनाचं दुखणं वेगळं. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या, सदस्यांच्या मालकीच्या या क्लबने २००६ पर्यंत छाती कोरी ठेवली, आणि तेव्हाही युनिसेफचं नाव घातलं ते वर्षाला १५ लाख युरो स्वतः देऊन. मग २०११ मध्ये कतार फाउंडेशन आलं, युनिसेफ पाठीवर आकड्याखाली गेलं. २०१३ मध्ये कतार एअरवेज, मग राकुतेन, २०२२ पासून स्पॉटिफाय, आणि कँप नोऊ या घरच्या मैदानाच्या नावापुढेही तेच. रेआल माद्रिदविरुद्धच्या सामन्यांत स्पॉटिफाय कधीकधी आपलं नाव काढून एखाद्या गायकाचं किंवा बँडचं चिन्ह छापतं. रोलिंग स्टोन्सच्या जिभेचे शर्ट काढले ते १८९९ नग, किंमत चारशे युरोंच्या घरात. स्थापनेचं सालसुद्धा असं विकता येतं, हे सुचायला डोकं लागतं, आणि थोडी बेशरमीही. संग्राहक नसाल तर हा शर्ट घेऊ नका. साध्या शर्टापेक्षा त्यात जास्त आहे ती फक्त छपाई, म्हणजे नेमका आधी उखडणारा भाग.

अमेरिकेत छाती स्वच्छ राहते, कारण विकायला दुसरं बरंच आहे. संघ म्हणजे परवाना (फ्रँचायझी), आणि परवाना गाव सोडून जाऊ शकतो. लेकर्स हे नाव मिनेसोटातल्या तळ्यांवरून आलं. १९६० मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला आणि तळी मागेच राहिली. सिॲटलच्या सुपरसॉनिक्सना २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला नेलं. लेकर्सच्या जर्सीवर २०२१ पासून बिबिगो या कोरियन खाद्यब्रँडचा पॅच आला तेव्हा थोडी थट्टा झाली, पण शहर बदलण्यापुढे तो विषय किरकोळ. इंग्लंडमध्ये विम्बल्डनला मिल्टन कीन्सला हलवायचं ठरलं तर पाठीराख्यांनी २००२ मध्ये नवा क्लबच काढला. शर्टावर काहीही छापा, गाव हलवू नका, असा हा युरोपचा अलिखित करार.

गावाच्या जोडीला रंगही त्यात येतो. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण रेड बुलचं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा क्लब त्यांनी २००५ मध्ये घेतला, जांभळा-पांढरा रंग काढून लाल-पांढरा केला. तडजोड म्हणून गोलकीपरच्या मोज्यांसारख्या किरकोळ जागी जांभळा ठेवायची तयारी दाखवली. पाठीराखे निघून गेले आणि जुन्या नावाने सातव्या श्रेणीपासून पुन्हा खेळू लागले. त्याच कंपनीने २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोस्टार्सचं नाव बदलून न्यूयॉर्क रेड बुल्स केलं, तिथे अशी फूट पडली नाही. वेल्समध्ये कार्डिफ सिटी, टोपणनाव ब्लूबर्ड्स, मलेशियन मालकाखाली २०१२ मध्ये लाल झाली, छातीवर मलेशियाच्या पर्यटनाची जाहिरात. जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. तो लाल शर्ट आता कुतूहलाची वस्तू आहे. कार्डिफच्या माणसाला भेट म्हणून मात्र चुकूनही देऊ नका.

बेसबॉलमध्ये २०२३ पासून बाहीवर पॅच आले, जास्तीत जास्त चार बाय चार इंच. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याच्या डाव्या बाहीवर, डावखुऱ्याच्या उजव्या, म्हणजे कॅमेऱ्याकडची बाही विकलेली. न्यूयॉर्क मेट्सने एका रुग्णालयाचा लाल-पांढरा पॅच लावला आणि लोक भडकले: हे तर प्रतिस्पर्धी फिलीजचे रंग. मालकानेही ते मान्य केलं, पॅच निळा-केशरी झाला. सुरुवातीचा लाल पॅच असलेली जर्सी सापडली तर ठेवून द्या. अमेरिकी फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या सामन्यांच्या जर्सीवर, अजून प्रायोजक नाहीच.

प्रायोजक बुडाला तर काय होतं? सप्टेंबर २००८ मध्ये एक्सएल ही पर्यटन कंपनी कोसळली आणि वेस्ट हॅमला शर्टावरचं नाव ठिगळाने झाकून खेळावं लागलं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर २०२२ मध्ये जर्मनीच्या शाल्केने २००७ पासूनचं गाझप्रोम हे रशियन वायू कंपनीचं नाव उतरवून छातीवर क्लबचंच नाव घातलं. अमेरिकेत एफटीएक्स ही क्रिप्टो कंपनी बुडाली तेव्हा मायामीच्या बास्केटबॉल रिंगणाची पाटी बदलली. जर्सी तशीच राहिली. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने इथे अमेरिकी जर्सीला गुण द्यावेत.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं नाही. आयपीएलची जर्सी पाहा: मालकी अमेरिकी पद्धतीची, शर्ट युरोपलाही लाजवेल इतका भरलेला. आणि परका मालक म्हणून पुणंही एकदा या गोष्टीत आहे: पुण्याच्या व्यंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, खेळाडू चिकनच्या जाहिरातीत दिसले, आणि मे २०१२ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला त्या सामन्यात कुणीतरी मैदानात झेंडा पांघरलेली कोंबडी सोडली. तरी निळे-पांढरे अर्धे भाग मालकांनी बदलले नाहीत. कार्डिफशी तुलना केली तर हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

इथे बाजारात फर्स्ट कॉपी ओळखायची असेल तर प्रायोजकावर अवलंबून राहू नका. आतल्या लेबलावरचा माल-क्रमांक शोधून पाहा. शोधात दुसराच शर्ट निघाला तर विषय संपला. भोकाभोकांचं खेळाडूंचं कापड आणि त्यावर जाड भरतकामाचं मानचिन्ह, ही भेसळ नकली मालात नेहमी दिसते. छपाई जाड, चकचकीत आणि कडक असते. बास्केटबॉलच्या नकली जर्सीवर पॅच हटकून असतो, आणि अस्सल म्हणून दाखवला जातो तोच. सर्वसाधारण दुकानातल्या अस्सल जर्सीवर तो नसतो, हे आठवा.

धुलाई: उलटी करून, थंड किंवा ३० अंशांच्या पाण्यात, कमी पावडर, कंडिशनर अजिबात नको, कारण तो धाग्यावर थर धरून घाम शोषायची ताकद घालवतो. पिळू नका. ड्रायर नको. सावलीत, हँगरवर वाळवा, पावसाळ्यात पंख्याखाली. अक्षराचा कोपरा उचललाच तर शर्ट सपाट पसरा, वर बटर पेपर ठेवा, इस्त्री मध्यमपेक्षा कमी, वाफ बंद, दहा सेकंद दाबून धरा, सरकवू नका, आणि पूर्ण गार होईपर्यंत कागद काढू नका. लाल शर्टावर हे पाच-पाच सेकंदांच्या दोन खेपांत करा. ठेवताना छपाईवर छपाई येईल अशी घडी घालू नका. मुंबईच्या दमटपणात दोन थर एकमेकांना चिकटतात आणि उलगडताना अर्धा प्रायोजक पाठीच्या आकड्यावर जातो.