शाळेच्या वसंतातल्या सूचना आणि व्हॉट्सॲप कम्युनिटी: निरोप पोहोचतो, पण सापडतो का?

प्राथमिक शाळेच्या वर्षात वसंताच्या दोन-अडीच महिन्यांत सूचनांची नुसती झुंबड उडते. सहलीचे संमतीपत्र, क्रीडादिन, वर्गाचा फोटो, पालक-शिक्षक भेट, मूल्यमापनाचे वेळापत्रक, ग्रंथालयाची पुस्तके परत करायची मुदत, पुढच्या वर्षाची नोंदणी, सुट्टीच्या तारखा, कुठल्या दिवशी शाळा लवकर सुटणार. त्यात पावसामुळे क्रीडादिन पुढे गेला की आधीच्या तीन सूचना एका फटक्यात चुकीच्या ठरतात. म्हणून शाळेचे निरोपाचे साधन तपासायचे तर ते याच दिवसांत तपासावे. एरवी महिन्याला दोन निरोप असतात, तेव्हा कागदाची चिठ्ठीही पुरते.

इथे परीक्षण आहे व्हॉट्सॲप कम्युनिटीचे. नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय मिळू लागली. रचना सोपी: वर्गांचे वेगवेगळे ग्रुप एका छत्राखाली येतात आणि वर सगळ्यांसाठी घोषणांचा एक ग्रुप आपोआप तयार होतो. तिथे नवी घोषणा फक्त ॲडमिन, म्हणजे ग्रुप सांभाळणारे, टाकू शकतात. साध्या ग्रुपची मर्यादा १०२४ सदस्यांची, म्हणजे एका वर्गाला भरपूर. पण पूर्ण शाळेचे पालक एकाच ग्रुपमध्ये कोंबण्यापेक्षा हे छत्र केव्हाही बरे. शिवाय घोषणांच्या ग्रुपमध्ये पालकांना एकमेकांचे फोन नंबर दिसत नाहीत. वर्गाच्या ग्रुपमध्ये मात्र दिसतात; ही गोष्ट पालक नंबर देतात तेव्हाच त्यांना सांगून टाकावी.

काही शाळा अजून ब्रॉडकास्ट लिस्टवर चालतात, म्हणजे एकच निरोप यादीतल्या प्रत्येकाला सुटा-सुटा जातो. ती टाळावी. एका लिस्टमध्ये २५६ जणच मावतात आणि ज्या पालकाने शाळेचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला निरोप जातच नाही. पाठवणाऱ्याला ते ठळकपणे कुठे दिसतही नाही. "आम्ही तर कळवले होते" आणि "आम्हाला काहीच आले नाही" या भांडणात दोघेही खरे बोलत असतात, ते यामुळेच.

पोहोचवण्याच्या बाबतीत कम्युनिटीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. वर्गाच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेली पाण्याची बाटली आणि "गृहपाठ काय आहे?" यांचा रतीब सुरू झाला की पालक ग्रुप म्यूट करतात. त्यात गैर काही नाही. पण घोषणांचा ग्रुप वेगळा असल्याने तो वाजत राहतो. शाळेने एकच पथ्य पाळायचे: तिथे रोज सुविचार टाकायचे नाहीत. दिवसाला दोन निरोपांच्या वर गेले की तोही म्यूट होतो, आणि मग सहल रद्द झाल्याचे कळवायला काहीच उरत नाही.

खरी अडचण निरोप पोहोचल्यानंतर सुरू होते. तीन आठवड्यांपूर्वीची सूचना शोधायची वेळ येते, आणि बहुतेक शाळांनी ती फोटो काढून टाकलेली असते. कागदावर परिपत्रक छापले, मोबाइलने टिपले, पाठवले. व्हॉट्सॲपचा शोध मजकुरात चालतो, पीडीएफच्या नावात चालतो. फोटोतल्या अक्षरांत चालत नाही. पालक "सहल" असे शोधतो आणि त्याला सापडतात फक्त इतर पालकांचे प्रश्न. फोटो पाठवताना ॲप तो दाबून लहान करते, त्यामुळे वेळापत्रकाचे बारीक आकडे फुटतात; ३ आणि ८ ओळखू येत नाहीत. ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांच्यासाठी तर असा फोटो कोराच.

यावर उपाय अगदी साधा. सूचना थेट टाइप करावी. परिपत्रक द्यायचेच असेल तर ते पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून जोडावे आणि फाइलला नाव द्यावे. "स्कॅन ००१२" हे नाव नव्हे. "सहल इयत्ता ३ री, १२ मार्च" असे असेल तर दोन महिन्यांनीही सापडते.

मजकूर कसा लिहायचा, हेही या साधनाशी बांधलेले आहे. फोनच्या पडद्यावर सूचना वाजते तेव्हा पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. लांब निरोप असेल तर ॲप तो कापून "पुढे वाचा" दाखवते. "सर्व सन्माननीय पालकांना सस्नेह नमस्कार, आपणास कळविण्यास अत्यंत आनंद होतो की" यातच त्या ओळी संपतात. पालक स्वयंपाक करता करता बघतो, आनंद झाल्याचे त्याला कळते आणि फोन खाली ठेवतो. त्याऐवजी असे:

"इयत्ता ३ री, दोन्ही तुकड्या. सहल: गुरुवार, १२ मार्च. शाळेत सकाळी ७.३० ला पोहोचणे, परत दुपारी ४.००. संमतीपत्र सोमवार, ९ मार्चपर्यंत वर्गशिक्षिकांकडे. सोबत: डबा, पाण्याची बाटली, टोपी. मोबाइल आणि पैसे नकोत."

कुणासाठी, काय, कधी, पालकाने काय करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, सगळे आले. वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याने शाळेची चूकही लगेच उघडी पडते: वार जुळत नसेल तर कुणीतरी विचारतेच. "५/४" असे कधीच लिहू नये. कुणाला ते ५ एप्रिल वाटते, कुणाला ४ मे. आणि "उद्या" हा शब्द तर घोषणांच्या ग्रुपमधून हद्दपारच करावा. "उद्या गणवेश नको" हा निरोप रात्री गेला, आईने दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला, आणि तिसऱ्या दिवशी मूल रंगीत कपड्यांत शाळेत हजर.

तारीख बदलली तर काय करायचे, इथे बहुतेक ॲडमिन चुकतात. पाठवलेला निरोप १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. पण दुरुस्ती केल्यावर फोन पुन्हा वाजत नाही. ज्याने आधीच वाचला, तो जुनी तारीख डोक्यात घेऊन बसतो. म्हणून शुद्धलेखनाची चूक असेल तरच दुरुस्ती करावी. तारीख, वेळ किंवा ठिकाण बदलले असेल तर जुना निरोप सगळ्यांसाठी काढून टाकावा (साधारण दोन दिवसांपर्यंत ते जमते) आणि "बदल:" या शब्दाने सुरू होणारा नवा निरोप पाठवावा. त्यात जुनी तारीखही लिहावी: "बदल: क्रीडादिन शुक्रवार, २० मार्चऐवजी मंगळवार, २४ मार्च". जुना निरोप काढला नाही तर तो वर्गाच्या ग्रुपवर फॉरवर्ड होत फिरतच राहतो.

पिन करण्याची, म्हणजे निरोप ग्रुपच्या वरच्या बाजूला टाचून ठेवण्याची सोय चांगली आहे, पण तुटपुंजी. एका ग्रुपमध्ये तीनच निरोप पिन होतात, तेही २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी. वसंतात त्या तीन जागा विचारपूर्वक वापराव्यात: एक महिन्याच्या तारखांची यादी, एक संमतीपत्राची लिंक, एक तातडीच्या बदलासाठी मोकळी. आणि निरोप आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग बंद आहे ना, हे एकदा बघून घ्यावे. कुणीतरी फोनमधली जागा वाचावी म्हणून ७ दिवसांवर ठेवलेली असते. मग सहलीच्या दिवशी सूचनाच गायब.

पोलवर, म्हणजे पर्याय देऊन मते घेण्याच्या सोयीवर मात्र विसंबू नये. पाहायला छान, बारापर्यंत पर्याय देता येतात, पालक उत्साहाने बोट टेकवतात. पण "सहलीला कोण येणार?" असा पोल घेतला की मोजणी फसते. मत फोन नंबरचे असते, मुलाचे नसते. आई-बाबा दोघांनी "येणार" म्हटले की एका मुलाच्या दोन जागा धरल्या जातात. एका आईची जुळी मुले त्याच वर्गात असली तर दोघांचे एकच मत. शिवाय मत कधीही बदलता येते, म्हणजे बस ठरवल्यानंतर आकडा गुपचूप खाली येतो. वर्गाच्या ग्रुपमध्ये कुणी काय निवडले हे सगळ्यांना दिसते, त्यामुळे ज्याला सहल परवडत नाही त्याची पंचाईत होते ती वेगळीच. भेटीसाठी सकाळ बरी की संध्याकाळ, एवढ्यापुरता पोल ठीक.

संमतीसाठी गूगल फॉर्म किंवा कागद. फॉर्ममध्ये मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, पालकाचे नाव, त्या दिवशी लागणारा फोन नंबर, ॲलर्जी आणि औषधे, मुलाला घ्यायला कोण येणार, एवढे रकाने पुरेत. तुकडी लिहायला न सांगता यादीतून निवडायला द्यावी. नाहीतर "अ", "ए", "३अ", "तिसरी अ" असे चार प्रकार येतात आणि शिक्षिकेला याद्या हाताने लावाव्या लागतात. इथे एक सेटिंग नडते: "प्रत्येकी एकच उत्तर". ती चालू केली की पालकाला गूगल खात्यात लॉगिन करावे लागते आणि ज्यांची दोन मुले त्याच शाळेत आहेत त्यांना दुसऱ्या मुलाचा फॉर्म भरता येत नाही. ती बंदच ठेवावी आणि दुबार नोंदी उत्तरे जमा होणाऱ्या शीटमध्ये (तक्त्यात) नावावरून काढाव्यात. भरलेल्या उत्तरांची प्रत पालकाला ईमेलवर जाईल अशी सोय चालू केली की "मी भरला होता की नाही" हे फोन येणे थांबते. मुदत संपली की उत्तरे घेणे बंद करायला विसरू नये. मुलांच्या ॲलर्जीची शीट "लिंक असलेला कुणीही" अशा परवानगीने उघडी ठेवणे ही तर निव्वळ बेपर्वाई.

तारखांसाठी कम्युनिटीच्या जोडीला गूगल कॅलेंडर हवेच. शाळेच्या नावाने वेगळे कॅलेंडर काढावे, सार्वजनिक करावे आणि त्याची लिंक पिन करावी. पालकाने ते एकदा जोडले की तारीख बदलली तरी त्याच्याकडे आपोआप बदलते. काही शाळा आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) पाठवतात आणि पालक ती आपल्या कॅलेंडरमध्ये आयात करतात. हे वेगळे प्रकरण: आयात केलेल्या नोंदी मूळ कॅलेंडरपासून तुटलेल्या असतात, शाळेने तारीख बदलली तरी पालकाकडे जुनीच राहते. तीच फाइल पुन्हा पाठवली तर काही वेळा प्रत्येक कार्यक्रम दोनदा दिसायला लागतो.

वर्षभराच्या तारखा शीटमधून एकदम चढवायच्या असतील तर सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) चालते, पण तिच्यात तारीख आधी महिना, मग दिवस अशी वाचली जाऊ शकते. ०५/०४ लिहिले तर नोंद ४ मे रोजी जाऊन बसते. दिवस १२ च्या पुढचा असेल तर निदान गडबड लक्षात येते. १२ च्या आतल्या तारखा निमूटपणे चुकतात. म्हणून आधी तीन-चार ओळींची फाइल चढवून पाहावी, मग पूर्ण.

पालकांच्या बाजूने एक गोष्ट राहते. दुसऱ्याचे कॅलेंडर जोडले तरी त्याची आठवण सहसा आपोआप वाजत नाही. त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमांसाठी "आदल्या दिवशी संध्याकाळी ६" असे काहीतरी स्वतः ठेवावे लागते. आदल्या संध्याकाळी कळले तर पांढरा शर्ट धुता येतो. त्याच दिवशी सकाळी कळून उपयोग नाही. वेब पत्ता (यूआरएल) टाकून जोडलेल्या कॅलेंडरमध्ये बदल दिसायला काही तास, कधी अर्धा दिवसही लागतो. तेव्हा सकाळी सहाला शाळा बंद ठेवायचे ठरले तर कॅलेंडरच्या भरवशावर राहू नये. ते काम घोषणांच्या ग्रुपचे.

ज्या देशांत वसंतात घड्याळ एक तास पुढे जाते तिथे कॅलेंडरचा टाइम झोन नीट निवडलेला असावा, एवढे पुरे.

सुरक्षिततेबद्दल थोडे. ग्रुपची निमंत्रण लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो; म्हणून नव्या सदस्याला ॲडमिनने मंजुरी देण्याची सेटिंग चालू करावी आणि प्रवेशाचा हंगाम संपला की लिंक रीसेट करावी. क्रीडादिनाचे फोटो टाकताना मुलांची पूर्ण नावे खाली लिहू नयेत. प्रत्येक मुलामागे दोन मोठी माणसे ग्रुपमध्ये असावीत, कारण एकाच फोनवर भिस्त असली आणि तो प्रवासात बंद पडला की घरापर्यंत काहीच येत नाही. ज्या घरात स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी छापील चिठ्ठी सुरूच ठेवावी. वर्गशिक्षिकेकडे अशा मुलांची यादी असली की चिठ्ठ्या नेमक्या तेवढ्याच निघतात.

वर्ष संपताना बऱ्याच शाळा "इयत्ता २ री" या ग्रुपचे नाव बदलून "इयत्ता ३ री" करतात. शाळा सोडून गेलेली कुटुंबे त्यात तशीच राहतात, तुकड्या बदललेल्या मुलांना दोन्हीकडच्या सूचना येतात. पुढच्या वर्षाची नोंदणी झाली की वर्ष नावातच घालून नवे ग्रुप काढावेत आणि कम्युनिटीला जोडावेत. जुने ग्रुप निकाल आणि पुस्तके परत येईपर्यंत ठेवून मग काढून टाकावेत. कम्युनिटी बंद केली तरी तिच्यातले वर्गाचे ग्रुप नष्ट होत नाहीत, फक्त सुटे होतात, त्यामुळे प्रत्येक ग्रुप वेगळा बंद करावा लागतो. कम्युनिटीला किमान दोन ॲडमिन असावेत आणि त्यातला एक नंबर शाळेचा स्वतःचा असावा. नाहीतर शिक्षिकेची बदली झाली की ॲडमिनचे अधिकार तिच्या खासगी फोनबरोबर जातात.