पाच रिव्हेट आणि माझा कंजूसपणा: २१ गिअरच्या सायकलीचे चौदा महिने

सायकल वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. फ्रेम मजबूत आहे, ब्रेक नीट लागतात आणि चौदा महिन्यांत ४,८०० किलोमीटर कुरकुर न करता झाले. माझं भांडण आहे ते पेडलपाशी असणाऱ्या पुढच्या तीन चेनव्हीलशी, म्हणजे ४२-३४-२४ दात्यांच्या त्या चकत्यांशी. खरं तर चकत्यांशीही नाही, त्यांना कायमचं एकत्र ठोकून ठेवणाऱ्या पाच रिव्हेटांशी, म्हणजे न उघडणाऱ्या खिळ्यांशी.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला निघालो होतो. काळबादेवीपर्यंत मजेत आलो. आरे-वारेच्या चढावर उभा राहून पेडल मारलं, तर चेन 'खट्ट' करून दाता सोडून पुढे गेली आणि माझा गुडघा हँडलवर आपटला. असं तीनदा झालं. उरलेला चढ सायकल ढकलत चढलो. खाली समुद्र असा काही देखणा दिसत होता की आणखीच चीड आली.

दुकानातल्या पोराने चेनला मोजपट्टी लावली आणि विचारलं, "काका, चेन कधी बदललीत?" बदलायची असते, हे मला दोन हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला सांगितलं होतं. साडेतीनशे रुपये म्हणाले होते. गिऱ्हाईक कापायचा धंदा आहे, असं मनात म्हणून मी तेव्हा हसून घरी आलो होतो.

या वेळी नवी चेन आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, मिळून १,०५० रुपये मोजले. चार दिवसांनी भाट्याच्या पुलाकडून परत येताना नवाच तमाशा. चेन मधल्या चेनव्हीलवरून सुटेचना. दात्यांना चिकटून वर ओढली गेली आणि फ्रेममध्ये रुतून बसली. रस्त्याकडेला सायकल उलटी करून बघितलं, तर ३४ चे दाते शार्कच्या परासारखे एका बाजूला वाकलेले, आकड्यासारखे. ४२ ची चकती मात्र जवळजवळ कोरी. माझं सगळं आयुष्य मधल्या गिअरवरच गेलेलं.

दुकानात म्हटलं, ही एक चकती बदलून द्या. म्हणाले, सुटी निघत नाही, रिव्हेट मारलेत, क्रँकसकट, म्हणजे पेडलच्या दांड्यासकट, अख्खा सेट घ्यावा लागेल, १,७०० रुपये. मग चेन बदलताना पुढचे दाते का नाही बघितलेत? यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि मी अर्धा तास तेच विचारत राहिलो. बोल्ट असते तर तीन चकत्यांतली एक बदलून सुटलो असतो. पाच बोल्टांना कितीसे पैसे पडतात? वडिलांच्या जुन्या सायकलीचं चेनव्हील तीस वर्षं चाललं, असंही त्यांना ऐकवलं.

घरी येऊन कानस काढली आणि दात्यांची वाकडी टोकं घासली. तीन आठवडे चाललं हो! मग पुन्हा रुतायला लागली.

इथवरचं मी रागात लिहून ठेवलं होतं. नंतर जुनी चेन मोजली आणि थोडा गार झालो. मोजायला काही महागाचं लागत नाही, इंचाच्या खुणांची स्टीलची पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणजे चोवीस घरांना बरोबर १२ इंच. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवायचा आणि बाराच्या खुणेवर पिनेचा मध्य येतो का बघायचं. एक सोळांश इंच पुढे गेला की चेन बदलायची. माझी एक अष्टमांशाच्याही पुढे गेली होती. चेन 'ताणते' म्हणतात, पण लोखंड काही ताणत नाही. सांध्यांतल्या पिना झिजतात, प्रत्येक सांधा केसभर ढिला होतो आणि चेन लांबते. मग ती दात्याच्या बुडाशी न बसता वर चढून बसते आणि त्याला कोरत जाते. म्हणजे साडेतीनशे वाचवून पावणेतीन हजार घालवणारा मीच.

वडिलांच्या सायकलीचं उदाहरणही मागे घेतो. तिला पूर्ण चेनकव्हर होतं आणि रुंद, एकेरी गिअरची चेन. धूळ आत जायचीच नाही. माझी उघडी चेन जांभ्याच्या लाल धुळीतून जायची, वर मी ओहोटीला कडक पुळणीवरून फिरवायचो आणि आल्यावर वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने धुवायचो. तेल म्हणून काय, तर घरचं खोबरेल! थंडीत ते गोठतं, एवढं तरी कळायला हवं होतं.

पुळणीवर नेणं आता बंद. खारं पाणी लागलंच तर बादलीभर गोड्या पाण्याने धुऊन जुन्या बनियनने कोरडी करतो. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब, पेडल उलटं फिरवायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. तेल आत हवं, बाहेर राहिलं की धूळ धरतं आणि चेनवर काळी पेस्ट होते, ती दात्यांना पॉलिश पेपरसारखी घासते. सुक्या हवेसाठीचं मेणाचं तेल मी आधी थोतांड म्हणायचो. उन्हाळ्यात ते झकास आहे, धूळ धरत नाही. मात्र आमच्याकडच्या जुलैत ते जवळच्या बसणी गावापर्यंतही टिकत नाही, तिथे ओल्या हवेसाठीचं चिकट तेल, वेट ल्यूबच हवं.

सेट शेवटी बदलला, पण त्यांच्याकडून नाही. बोल्टवाला मागवला, सहाशे रुपये जास्त पडले. रिव्हेटचा राग गेलेला नाही. चेन वेळेवर बदलली असती तर ते मला दिसलेही नसते, हे खरं, तरी कंपनीने बोल्ट द्यायला हवे होते.

नव्या सेटवर ९०० किलोमीटर झाले. परवा पट्टी लावली, बाराला बारा. पेडलमधून मात्र दोन दिवस कटकट आवाज येतोय, बहुतेक बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाचं बेअरिंग. रविवारी उघडून बघतो.