पेशी मारायची की तिचा निरोप अडवायचा? दम्याच्या दोन इंजेक्शनांची तुलना

इन्हेलरचा डोस वाढवून झाला, तो नीट घेतलाही जातोय, तरी वर्षातून दोन-तीनदा स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. मग डॉक्टर बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एकाच दुव्यावर नेम धरणाऱ्या इंजेक्शनांचा विषय काढतात आणि दोन नावं समोर येतात: बेनरालिझुमॅब आणि ड्युपिलुमॅब. सायटोकाइन म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिनं, आणि रिसेप्टर म्हणजे तो निरोप घेणारी पेशीवरची जागा. दोन्ही इंजेक्शनं या रिसेप्टरलाच जाऊन चिकटतात, पण पुढचं काम अगदी वेगळं.

बेनरालिझुमॅब इओसिनोफिल या दम्यात सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीवरचा इंटरल्युकिन-५ या सायटोकाइनचा रिसेप्टर धरतं आणि नॅचरल किलर या प्रतिकारयंत्रणेतल्या मारेकरी पेशींकडून ती पेशीच मारवतं. थोड्याच दिवसांत सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) इओसिनोफिलसमोर शून्य दिसतं. लॅबची चूक नव्हे, हेच अपेक्षित असतं. पण रक्तात शून्य म्हणजे श्वासनलिकेतही शून्य, असं धरून चालू नका. याच घराण्यातलं मेपोलिझुमॅब रिसेप्टरऐवजी थेट इंटरल्युकिन-५ ला पकडतं. २००३ मधल्या एका अभ्यासात त्याने रक्तातले इओसिनोफिल जवळपास संपवले, श्वासनलिकेतले मात्र निम्म्याच्या आसपासच घटले. शिवाय ॲलर्जीचा मारा झाल्यावर श्वासनलिकेत उतरलेल्या इओसिनोफिलवर हा रिसेप्टरच कमी झालेला आढळतो.

ड्युपिलुमॅब कुणाला मारत नाही. इंटरल्युकिन-४ आणि १३ या दोन सायटोकाइनचे निरोप ज्या सामाईक रिसेप्टरमधून जातात, तो ते बंद करतं. हा रिसेप्टर श्वासनलिकेच्या अस्तरावर आणि स्नायूंवरही असतो, त्यामुळे चिकट कफ आणि आवळलेली नळी, दोन्हींवर परिणाम होतो. गंमत म्हणजे सुरुवातीला रक्तातले इओसिनोफिल उलट वाढू शकतात, कारण त्यांची ऊतींकडे जायची वाट अडते. आधीच रक्तातला आकडा (दर मायक्रोलिटरमागे) १५०० च्या वर असेल तर म्हणूनच डॉक्टर बिचकतात.

मला विचाराल तर, सोबत एक्झिमा असेल किंवा फुंकर चाचणीत नायट्रिक ऑक्साइड (श्वासनलिकेतल्या सुजेची खूण) चढं असेल, तर पारडं ड्युपिलुमॅबकडे झुकतं. इओसिनोफिल ३०० च्या बरेच वर आणि दमा मोठेपणी सुरू झालेला, तर बेनरालिझुमॅबकडे. फक्त तो आकडा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतानाचा नको, त्या इओसिनोफिल दाबून टाकतात. जुने रिपोर्ट शोधून काढा.

सुया मोजायच्या तर बेनरालिझुमॅब पहिले तीन डोस दर चार आठवड्यांनी, मग आठ आठवड्यांनी एक. ड्युपिलुमॅब दर दोन आठवड्यांनी. ऐन धापेत दोन्ही निरुपयोगी, इन्हेलर खिशात हवाच. निदान चार महिने द्या, आणि त्या काळात स्टेरॉइडच्या गोळ्या किती वेळा लागल्या ते लिहून ठेवा.